कॉरिसांडची घंटा

१. थप्प

घंटा वाजायच्या ऐवजी फुटली, आणि तिचा एक तुकडा नेमका लायोनेल व्हेनच्या चकचकीत बुटावर येऊन पडला.

खलाशाने दोरी ओढली तेव्हा अख्खा स्टुडिओ श्वास रोखून उभा होता. आवाज आला तो 'थप्प' असा, ओल्या गादीवर काठी मारावी तसा. लायोनेलने बुटाकडे पाहिलं, तुकडा उचलला, बोटांनी चुरला आणि म्हणाला, "फेन, तुमच्या युद्धनौकेची घंटा प्लास्टरची आहे."

दिग्दर्शक फेनसाहेबांनी टोपी काढून जमिनीवर आपटली. त्यांची ती सवयच होती. त्या टोपीने या चित्रपटासाठी जेवढा मार खाल्ला, तेवढा कोणी खाल्ला नसेल.

युद्धाचं चौथं वर्ष चालू होतं. लंडनच्या पश्चिमेला, नदीकाठच्या या स्टुडिओत 'उत्तरेचा पहारा' नावाचा चित्रपट चालला होता. एक लढाऊ जहाज, त्यावरची माणसं, त्यांचं हसणं, भांडणं, थंडीत कुडकुडणं, असा सगळा मामला. जहाजाचं डेक लाकडाचं होतं आणि खालून माणसं ते हलवायची. नौदलाने कौतुकाने सहा खरे खलाशी आणि एक खरी घंटा उसनी दिली होती. खलाशी होते, पण घंटा काही कुठे दिसत नव्हती. तिच्या जागी होती वादळाच्या प्रसंगासाठी बनवलेली नक्कल. डेक हलताना कोणाचं डोकं फुटू नये म्हणून ती प्लास्टरची केलेली.

"खरी घंटा कुठे आहे?" हा प्रश्न अगदी हळू आवाजात आला, आणि सगळ्यांचं धाबं दणाणलं.

विचारणारे होते लेफ्टनंट कमांडर स्ट्रेटन. खलाशी टोपी कशी घालतात, सलाम कसा ठोकतात, हे नटांना शिकवायला नौदलाने त्यांना पाठवलं होतं. उंच, सडसडीत माणूस. त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. घंटा होती 'कॉरिसांड' या जहाजाची, आणि कॉरिसांडचे कप्तान होते हेच स्ट्रेटन. मागच्या हिवाळ्यात नॉर्वेजवळ जहाज पाणतीराने बुडालं. घंटा तेवढी वाचली, कारण तिची कडी दुरुस्त करायला ती गोदीत ठेवली होती.

सामानाचे मुख्य विल्फ टॅपस्कॉट पुढे आले. एरवी गाजरासारखा लालबुंद असणारा हा म्हातारा पांढराफटक पडला होता. "साहेब, काल संध्याकाळी मी स्वतः पुसली तिला. इथंच होती."

"ताब्यात घेतल्याची सही तुमची आहे, टॅपस्कॉट. पितळेला आज सोन्याचा भाव आहे, हे तुम्हालाही माहीत आहे." स्ट्रेटनसाहेबांचा आवाज चढला नाही, पण तो चढला असता तर बरं असं सगळ्यांना वाटलं. "संध्याकाळच्या चहानंतर माझे खलाशी लॉरीत बसतील. उद्या त्यांना नव्या जहाजावर हजर व्हायचंय. एक तर घंटा त्या लॉरीत असेल, नाहीतर तुम्ही पोलीस चौकीत असाल."

मेबल थ्रॉसेलला हे ऐकवेना. ती इथे नवीन होती तेव्हा तिला रडताना पाहून याच विल्फकाकांनी कॅमेऱ्याच्या खोक्यावर बसवून सँडविच खाऊ घातलं होतं. आता मेबलचा दरारा होता. आधीच्या शॉटमध्ये कप उजव्या हातात असेल तर पुढच्या शॉटमध्येही तो उजव्याच हातात राहील, हे बघणं तिचं काम. दिग्दर्शक चुकला तर चालेल, मेबल चुकता कामा नये.

सगळे एकमेकांवर ओरडत असताना ती डेकवर चढली आणि फुटक्या नकलेखाली उभी राहिली. मग म्हणाली, "फेनसाहेब, एक गंमत बघितलीत? चोराने घंटा नेली, पण तिची जीभ इथंच ठेवली."

२. गाठ

खरंच होतं. प्लास्टरच्या त्या भोपळ्यात खऱ्या घंटेची लोखंडी जीभ लोंबत होती, नक्षीदार विणलेल्या दोरीसकट. तिचाच तडाखा बसून नक्कल फुटली होती.

"म्हणजे काय झालं?" फेनसाहेब म्हणाले. "घाईत राहिली असेल."

"घाईत असलेला माणूस जीभ काढून, ती दुसऱ्या घंटेत नीट अडकवून जातो होय? आणि पितळचोराला काय करायचंय नक्कल टांगून? तो घंटा उचलेल आणि पळेल. दुरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसावं, अशी ही व्यवस्था आहे. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

"द्या हो तिला," लायोनेल म्हणाला. "मी गेल्या आठवड्यात कानाला पेन्सिल लावून विसरलो, तर या बाईने मला झोपेतून उठवून विचारलं, कुठल्या कानाला."

मेबलने विल्फकाकांना बाजूला घेतलं.

"काका, ही दोरीची गाठ तुम्ही मारलीत?"

"मीच मारतो नेहमी."

"तुमच्या गाठी मला पाठ आहेत. अंबाड्यासारख्या असतात. गेल्या सगळ्या शॉट्समध्ये मी तो अंबाडा सहन केलाय. ही बघा, किती देखणी आहे."

विल्फकाकांनी चष्मा वर केला. "अगं, ही तर खलाशांची गाठ. मला जन्मात जमायची नाही."

"आज डेकवर काम होणार होतं का?"

"कुठे? आज इंजिनाच्या खोलीचे शॉट होते, पलीकडच्या शेडमध्ये. सकाळी तिथले दिवे उडाले म्हणून फेनसाहेबांनी ऐनवेळी घंटेचा शॉट काढला. नाहीतर आज इकडे कोणी फिरकलं नसतं."

"म्हणजे ज्याने नेली त्याला वाटत होतं, आज दिवसभर घंटेकडे कोणी बघणार नाही. काका, ही चोरी नाही, कोणीतरी एका दिवसापुरती नेलीय." मेबलला जरा हुरूप आला. "घंटा पुसताना काही वेगळं दिसलं होतं?"

"आतल्या बाजूला नावं कोरलीत, पोरी. मेरी, जॉर्ज, आणखी कोण कोण. आडनावं नाहीत, नुसती नावं आणि सालं. मला वाटलं, घंटा ओतणाऱ्याची मुलं असतील."

स्ट्रेटनसाहेब डेकच्या कठड्याशी उभे होते. मेबलने त्यांनाही विचारलं, "साहेब, या घंटेला हात लावायची परवानगी तुमच्याकडे कोणी मागितली होती?"

"नाही. मागितली असती तर मिळाली नसती." आणि त्यांनी पाठ फिरवली. पहिल्याच दिवशी एका दिवेवाल्याने घंटेवर टोपी अडकवली होती, तेव्हा त्यांनी त्याला सगळ्यांदेखत ती घंटा पुसायला लावली होती. ते आठवून मेबलने पुढचा प्रश्न गिळला.

तेवढ्यात तिचं लक्ष लायोनेलकडे गेलं. कप्तानाच्या निळ्याशार कोटाच्या बाहीवर, कोपरापाशी पांढरी पूड होती. आजच्या शॉटला कोट घातला तेव्हा तो कोरा होता, याची ती शपथ घ्यायला तयार होती. आणि बुटावर पडलेला तुकडा कोपरापर्यंत कसा जाईल?

३. मिशी

लायोनेलकडे कारणही होतं, आणि ते सगळ्या स्टुडिओला ठाऊक होतं. त्याची मिशी. त्या मिशीवर देशभरातल्या बायका फिदा होत्या. स्ट्रेटनसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, नौदलात एक तर पूर्ण दाढीमिशी ठेवायची, नाहीतर सगळं साफ. नुसती मिशी चालत नाही. लायोनेलने रडतरडत ती उतरवली होती. त्यात घंटा वाजली की दचकून तो वाक्य विसरायचा. 'ही घंटा एकदा बुडाली पाहिजे' असं तो कालच म्हणाला होता. ते ऐकून स्ट्रेटनसाहेब उठून बाहेर गेले होते.

मेबल त्याच्या खोलीत शिरली. लायोनेलने घाईघाईने टेबलावरच्या कशावर तरी टॉवेल टाकला.

"लायोनेल, तुमच्या बाहीला प्लास्टर लागलंय."

"पावडर असेल, तोंडाची."

"तोंडाची पावडर गुलाबी असते. तुम्ही आपल्या स्टुडिओच्या प्लास्टरच्या कारखान्यात गेला होतात."

"मेबलबाई, तुम्ही लग्न का केलं नाहीत ते आता कळलं मला. नवरा घरात शिरायच्या आधीच पकडला गेला असता." मग तो गंभीर झाला. "हे बघा, घंटा मी घेतलेली नाही. कालचं बोलणं मूर्खपणाचं होतं. मला कळायला हवं होतं, कोणासमोर काय बोलतोय ते. पण प्लास्टरचं विचारू नका. एका माणसाला मी शब्द दिलाय."

"विल्फकाका तुरुंगात जातील."

"मला खरंच घंटेचं काही माहीत नाही हो."

मेबलला ते पटलं. या गृहस्थांच्या बुटाचे बंदसुद्धा नोकर बांधायचा. ती देखणी गाठ याला कुठली जमायला?

मग ती सरळ प्लास्टरच्या कारखान्यात गेली. जेवायची वेळ होती, आत कोणी नव्हतं. टाकाऊ तुकड्यांच्या ढिगात तिला एक फसलेला तुकडा सापडला. गोल कड, तिच्यावर फुलं, आणि मधे वळलेल्या दोरीसारखी नक्षी. मेबलला हसू फुटलं. केकवर साखरेचं आवरण घालायला सरकारने बंदी घातली होती. तेव्हा लोक काय करायचे, तर आत लहानसा साधा केक ठेवायचे आणि वरून पुठ्ठ्याचा नाहीतर प्लास्टरचा मोठा थाटामाटाचा केक झाकण म्हणून घालायचे. फोटो काढायचा, झाकण उचलायचं, आणि खालचा गरीब केक खायचा.

कोणाचा तरी समारंभ होता.

कँटीनमध्ये मिसेस गज कपबशा आपटत होत्या.

"मिसेस गज, या आठवड्यात कोणी साखर उचलली का हो?"

"उचलली नाही गं, वाचवली. ते सहाच्या सहा खलाशी आठवडाभर बिनसाखरेचा चहा पितायत. आपापल्या वाटणीची साखर कागदात बांधून नेतात. मी म्हटलं, काय रे, अचानक एवढे देशभक्त कसे झालात? तर नुसते दात काढून हसतात."

"आज डेकवर पाचच होते. सहावा कुठेय?"

"नेड पॅस्को? दात दुखतोय म्हणून गावात गेलाय. दाताचं मला सांगू नका. काल माझा टोस्ट, जो माझा नवराही चावू शकत नाही, तो या पोराने कडाकडा खाल्ला."

मेबल कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. नेड पॅस्को, कॉर्नवॉलचा हसरा खलाशी. त्या सहांपैकी कॉरिसांडवर असलेला तो एकटाच. थंडगार पाण्यातून वाचलेल्या मूठभरांपैकी एक. बायको गावातच भाड्याच्या खोलीत राहत होती, आणि मेबलने तिला परवाच पोस्टापुढे पाहिलं होतं, बाबागाडी ढकलताना.

तिने हातातला कप रिकामा केला आणि बशीवर पालथा घातला. मग पुन्हा उलटा करून उताणा ठेवला. असं तिने दोनतीनदा केलं. मिसेस गज संशयाने बघत होत्या.

"मिसेस गज," मेबल म्हणाली, "घंटा उलटी केली की तिचं काय होतं?"

"काय होणार? पातेलं."

"आणि पातेल्यात जीभ पडलेली असेल तर ते कामाचं राहील का?" असं म्हणून मेबल धावत सुटली. "विल्फकाका, तुमची सायकल कुठेय? मागे बसा."

४. पातेलं

विल्फकाका वजनदार होते आणि चर्चचा रस्ता चढाचा होता. मेबल पेडल मारता मारता धापा टाकत समजावत होती, आणि विल्फकाका मागून 'खड्डा, खड्डा' करत होते.

"ती नावं घंटा ओतणाऱ्याच्या मुलांची नाहीत, काका. खलाशांच्या मुलांची आहेत. आडनाव कशाला लागतंय? बाप्तिस्म्याला फक्त नाव लागतं. जहाजावर बाप्तिस्मा असला की घंटा उलटी करून तिच्यात पाणी भरतात, आणि मग मुलाचं नाव आतून कोरतात. माझ्या मावसभावाचं असंच झालं होतं, आणि मला आत्ता आठवतंय. डोकं आहे की खोकं."

"मग त्याने साहेबांना विचारायचं ना!"

"ज्यांनी टोपी अडकवली म्हणून माणसाला घंटा पुसायला लावली, त्यांना? तुम्ही विचारलं असतंत?"

विल्फकाकांनी थोडा विचार केला. "नसतं विचारलं," ते म्हणाले.

चर्चमध्ये पाद्री ओले हात पुसत उभे होते. वेदीपुढे, वाळूच्या पोत्यांच्या कोंदणात, कॉरिसांडची घंटा उताणी बसली होती. पाण्याने काठोकाठ भरलेली, कडेने रानफुलं खोचलेली. शेजारी नेड पॅस्को, इस्त्रीच्या गणवेशात, आणि त्याची बायको लव्हडे. तिच्या कडेवर लांबलचक पांढऱ्या झग्यात एक चिमुरडी, आपलीच मूठ चघळत.

विल्फकाकांना पाहून नेडचा चेहरा उतरला. "काका, संध्याकाळच्या आत परत टांगणार होतो. देवाशपथ. आज डेकवर काम नव्हतं ना."

"काम निघालं," मेबल म्हणाली. "नकली घंटा फुटली, आणि साहेब काकांना पोलिसांत देतायत."

नेड मटकन बाकावर बसला. "तुमच्यावर येईल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. बाकीच्या पोरांनाही घंटेचं ठाऊक नाही. मी आत्ता जातो, साहेबांना सगळं सांगतो."

"तू गेलास तर परत येणार आहेस का?" लव्हडे म्हणाली. तिचा आवाज ठाम होता. "तुला कोठडीत टाकतील. नाहीतर उद्या जहाजावर धाडतील. पोरीचं नाव कधी ठेवायचं मग?"

पाद्री खाकरले. "माझ्या मते, दहा मिनिटांत..."

"दहा मिनिटं लागणार नाहीत," दारातून हळू आवाजात कोणीतरी म्हणालं.

५. हुकूम

दारात स्ट्रेटनसाहेब उभे होते. त्यांच्यामागे लायोनेल, दोन्ही हातांत फुलाफुलांचा तीन मजली प्लास्टरचा केक धरून.

"मी एक अक्षर बोललो नाही," लायोनेल केकच्या आडून म्हणाला. "मी केक घेऊन गाडीत बसलो, तर हे शेजारी येऊन बसले. मला कुठे माहीत होतं घंटा इथे आहे ते? मी पोरीचा गॉडफादर, म्हणजे धर्मपिता म्हणून आलोय."

"मला डोळे आहेत, व्हेन," स्ट्रेटनसाहेब म्हणाले. "केकवर दोरीची नक्षी कोण काढतो, एवढं मला कळतं."

नेड ताडकन उठून ताठ उभा राहिला. साहेब चालत आले आणि घंटेपाशी थांबले. पाण्यातून आतली नावं दिसत होती. त्यांनी ती एकेक करून वाचली.

"पॅस्को, घंटा कोणाच्या परवानगीने हलवली?"

"कोणाच्याच नाही, साहेब."

"विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता, साहेब."

"हो," स्ट्रेटनसाहेब म्हणाले. "म्हणालो असतो." त्यांनी घंटेच्या काठाला बोट लावलं. "मूर्खपणा केला असता. घंटा जपता जपता ती कशासाठी असते तेच विसरलो मी. टॅपस्कॉट, मी तुम्हाला चोर म्हणालो. माझी चूक झाली. माफ करा."

"असू दे साहेब," विल्फकाका पुटपुटले आणि उगाच चष्मा पुसायला लागले. मेबलचा जीव भांड्यात पडला.

"मुलीचं नाव काय ठेवताय?"

नेडने बायकोकडे पाहिलं. उत्तर लव्हडेने दिलं. "कॉरिसांड."

साहेबांनी टोपी काढली. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "वर्षभर मी त्या जहाजावरची नावं कमी करत आलोय. घरोघर पत्रं लिहिली. आज पहिल्यांदा एक नाव वाढतंय." मग ते पाद्रीबुवांकडे वळले. "आटपा साहेब, पाणी गार होतंय. आणि व्हेन, तो केक खाली ठेवा. गॉडफादर दोन असले तर काही बिघडत नाही."

बाप्तिस्मा झाला. कॉरिसांड पॅस्को डोक्यावर पाणी पडताच असं भोकाड पसरून रडली की लायोनेलने तिला 'माझ्यापेक्षा आवाज चांगला आहे' असं प्रशस्तिपत्रक दिलं. प्लास्टरचं झाकण उचलल्यावर खाली निघाला खऱ्या अंड्याऐवजी पुडीतल्या भुकटीचा, पिवळा, चपटा, बशीएवढा केक. त्यात सहा खलाशांची आठवड्याची साखर होती. सगळ्यांनी घासभर खाल्ला आणि असा केक जन्मात खाल्ला नाही, असं शपथेवर सांगितलं. विल्फकाकांनी तर बशीत उरलेला चुराही सोडला नाही.

विल्फकाका मग घंटा रिकामी करायला वाकले. "थांबा," स्ट्रेटनसाहेब म्हणाले. "हे पाणी जमिनीवर ओतत नाहीत. ते समुद्रातच जायला हवं."

"समुद्र इथे कुठे आहे, साहेब?"

साहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून चांदीची चपटी बाटली काढली. तिच्यात ब्रँडी होती. ती कुठे ओतावी म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तर विल्फकाका पेला घेऊन आधीच शेजारी उभे होते. पाद्रीबुवांनीही खिडकीकडे बघत आपला पेला हळूच पुढे केला. रिकामी बाटली साहेबांनी घंटेतल्या पाण्यात बुडवून भरली, बूच घट्ट लावलं आणि नेडच्या हातात दिली.

"पॅस्को, परवानगीवाचून घंटा हलवल्याची शिक्षा तुला आहेच."

"हो, साहेब."

"उद्या जहाज बाहेर पडलं, किनारा दिसेनासा झाला, की हे पाणी समुद्रात ओतायचं. आणि रिकामी बाटली मला आणून द्यायची. टपालाने पाठवायची नाही, दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची नाही. तू स्वतः येऊन माझ्या हातात ठेवायचीस. कितीही दिवस लागू देत, मी वाट बघीन. हा हुकूम आहे."

नेडने बाटलीकडे पाहिलं आणि मग साहेबांकडे. त्याने बूच पुन्हा एकदा अंगठ्याने घट्ट दाबलं. मेबलने रुमाल काढला, आणि तो लायोनेलने तिच्या हातातून घेतला.

लव्हडेने मुलगी दुसऱ्या खांद्यावर घेतली, नवऱ्याच्या हातातली बाटली त्याच्या गणवेशाच्या आत, छातीपाशी नीट खोचली आणि वरून थोपटली.

"आणून देईल, साहेब," ती म्हणाली. "मी आणि ही, दोघी येऊ त्याच्याबरोबर."